आफ्रिकाटाउनचं बुडवलेलं जहाज

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलायचंय ते 'डिसेंडंट' या माहितीपटाबद्दल. मार्गारेट ब्राउन यांनी दिग्दर्शित केलेला हा माहितीपट २०२२ मध्ये आला. विषय आहे अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातली, मोबील शहराच्या कडेची आफ्रिकाटाउन ही वस्ती.

बाहेरून गुलाम आणायला अमेरिकेत १८०८ पासूनच कायद्याने बंदी होती. तरी आपण आणून दाखवू, अशी पैज टिमथी मेहर या बड्या जमीनदाराने लावली. १८६० मध्ये त्याने धाडलेलं 'क्लोटिल्डा' जहाज पश्चिम आफ्रिकेतून सुमारे ११० माणसं कोंबून घेऊन आलं. रातोरात माणसं उतरवली आणि पुरावा नको म्हणून जहाज पेटवून नदीत बुडवलं. शिक्षा कुणालाच झाली नाही.

पाच वर्षांनी गुलामगिरी संपली. मायदेशी परतायला पैसे नव्हते. या माणसांनी मेहरकडे जमीन मागितली, तर त्याने साफ नकार दिला. मग मजुरीतले पैसे साठवून त्यांनी जमीन विकत घेतली, घरं बांधली, चर्च उभारलं. तीच ही आफ्रिकाटाउन. त्यांच्यातला कोसोला, म्हणजे कज्जो लुईस, १९३५ पर्यंत हयात होता. लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी त्याच्याकडून सगळी हकिगत ऐकून लिहून ठेवली. ते पुस्तक छापून यायला मात्र २०१८ साल उजाडलं.

माहितीपटात वस्तीतली माणसं कॅमेऱ्यासमोर बसून हेच पुस्तक मोठ्याने वाचतात. कोसोला जसं बोलला तसंच ते लिहिलेलं आहे, त्यामुळे पणजोबांचं बोलणं पणतवंडांच्या तोंडून आपण ऐकतो. मला माहितीपटातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, जहाज सापडण्यापेक्षाही. कारण जहाजाची गोष्ट या घरांमध्ये आजी-आजोबा सांगत आलेच होते. बाहेरचे लोक तिला दंतकथा म्हणायचे. नदीत सापडलेले जहाजाचे अवशेष क्लोटिल्डाचेच असल्याचं मे २०१९ मध्ये तज्ज्ञांनी जाहीर केलं, तेव्हा कुठे जगाने विश्वास ठेवला.

पण माहितीपट तिथे थांबत नाही, आणि म्हणूनच तो मला फार आवडला. वस्तीभोवती कारखाने उभे आहेत. आसपासची बरीच जमीन अजून मेहर कुटुंबाकडेच आहे. वर्षानुवर्षं धूर सोसलेली माणसं आपल्या घरातल्या कर्करोगाबद्दल बोलतात. पर्यटक येतील, पैसा येईल, हे ऐकून ती हुरळत नाहीत. तो पैसा कुणाच्या हाती जाणार, असं थेट विचारतात.

२०२३ मध्ये तिथे हेरिटेज हाउस हे संग्रहालय सुरू झालं. जहाजाचे काही तुकडे तिथे पाण्याच्या टाक्यांमध्ये ठेवले आहेत, कारण एवढा काळ पाण्याखाली राहिलेलं लाकूड एकदम वाळलं तर तडकतं. आपल्या पूर्वजांचा इतिहास तिथे वस्तीतल्या मुलांना आता घराजवळच पाहायला मिळतो. कारखान्यांच्या धुराबद्दलचं आणि जमिनीबद्दलचं त्यांच्या आईवडिलांचं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. माहितीपट नेटफ्लिक्सवर आलेला आहे. घरातल्या शाळकरी मुलांना सोबत घेऊन जरूर बघा. नमस्कार.