काटा शून्यावर का?

(फोंडा येथे एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

अध्यक्षमहाशय आणि रसिक श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘स्टीमपंक पेहराव आणि अनोळखी माणसाचे कौतुक’ असा छापला आहे, आणि स्टीमपंक या शब्दाने कोणी बिचकू नये म्हणून की काय, माझ्या नावाखाली ‘निवृत्त शिक्षिका, पदार्थविज्ञान’ अशी ओळ ठळक अक्षरांत दिली आहे. तरीही व्यासपीठावर आलेली बाई तुम्हाला अपेक्षित होती तशी नाही, हे मला इथून दिसते आहे. लाल चौकटीचे कुणबी लुगडे, त्यावर चामड्याचे बिनबाह्यांचे जाकीट, कमरेला रुंद पट्टा, पट्ट्यावर पितळी प्रेशर गेज आणि डोक्यावरच्या हॅटला अडकवलेला वेल्डिंगचा चष्मा, असा हा सरंजाम आहे. दारातून इथवर येईपर्यंत तुमच्यापैकी पाच-सहा जणांनी माझ्याशी आपणहून चार शब्द बोलण्याची कृपा केली. त्यांतल्या एकानेही ‘छान दिसता’ असे म्हटले नाही. एकाने विचारले, हे गेज कुठल्या यंत्राचे? दुसऱ्याने विचारले, चामडे कुणी शिवले? तिसऱ्या बाईंनी पट्ट्याची कडी उलटी बसल्याचे सांगून ती तिथल्या तिथे सरळ करून दिली. मला आज जे सांगायचे आहे ते या तीन माणसांनी चप्पल काढण्यापूर्वीच सांगून टाकले आहे; पण तुम्ही मला चाळीस मिनिटे दिली आहेत आणि मी ती सोडणार नाही.

स्टीमपंक म्हणजे काय, हे या वाचनालयाच्या सभासदांना समजावून सांगण्याची गरज नसावी. पेट्रोल आणि वीज मागे राहिली असती, वाफच पुढे गेली असती, तर जग कसे दिसले असते, या कल्पनेचा हा खेळ आहे. हा शब्द के. डब्ल्यू. जीटर या अमेरिकन लेखकाने १९८७ साली ‘लोकस’ या मासिकाला लिहिलेल्या पत्रात थोड्या थट्टेनेच वापरला, आणि थट्टेतली पुष्कळ नावे टिकतात तसा तो टिकला. पुढे कथांमधून ही कल्पना कपड्यांत उतरली. इंग्लंडमधल्या लिंकन शहरात २००९ पासून अशा पोशाखातल्या लोकांचा मोठा मेळा भरतो, आणि त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या विज्ञान-इतिहासाच्या संग्रहालयाने या कलेचे प्रदर्शन मांडले. या मंडळींचा एक द्वंद्वयुद्धाचा प्रकारही आहे: दोघांनी समोरासमोर बसून चहात बिस्किट बुडवायचे, आणि ज्याचे बिस्किट मोडून न पडता सर्वांत शेवटी तोंडात जाईल तो जिंकला. आमच्या शिक्षकखोलीत हे युद्ध बत्तीस वर्षे रोज होत असे. फक्त त्याला कोणी नाव दिले नव्हते.

एक आक्षेप आधीच निकालात काढते, कारण तो नेहमी तिसऱ्या रांगेतून येतो. ‘बाई, ही व्हिक्टोरिया राणीच्या काळची हौस, तिचा आपल्याशी काय संबंध?’ त्यावर मी दोन गोष्टी सांगते. एक, ज्या ज्यूल व्हर्नच्या पाणबुडीवर ही मंडळी जीव टाकतात, तिचा कप्तान नीमो हा बुंदेलखंडातला राजपुत्र आहे, असे व्हर्नने स्वतःच पुढच्या एका कादंबरीत उघड केले. दुसरी गोष्ट घरची आहे. वाफेवर चालणाऱ्या यंत्रांना आपल्या भाषेने काय नावे दिली, ते आठवा: आगगाडी, आगबोट. मुरगावहून कुळ्यामार्गे कॅसलरॉकपर्यंतचा लोहमार्ग १८८०च्या दशकात पोर्तुगीज अमदानीत तयार झाला, आणि पुढे कित्येक पिढ्या त्या मार्गाने धूर ओकत घाट चढणाऱ्या गाड्या आपल्याच माणसांनी चालवल्या. लुगड्याचेही तसेच आहे. आपल्या गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी लुगडे पुन्हा लोकांच्या नजरेत आणले, त्याबद्दल मी त्यांचे आभार मानते, पण मला ते आवडते ते त्याच्या खांद्यावरच्या गाठीमुळे. ती गाठ लपवलेली नसते. वस्त्र कशाच्या आधारावर अंगावर राहिले आहे, ते समोरच्याला दिसते. ही गाठ लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे, वेळ उरला तर.

आता माझी तक्रार. या छंदात एक वाईट खोड शिरली आहे: जुन्या घड्याळांची चाके विकत घ्यायची आणि सरसकट कशावरही डिंकाने चिकटवायची. मीही हे केले आहे. सुरुवातीच्या दिवसांत माझ्या हॅटवर अशी चौदा चाके होती. एका शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात समया आणि लामणदिवे मांडून बसलेल्या एका बाईंशी मी भाव करीत होते, तेव्हा त्यांचा आठ-नऊ वर्षांचा नातू माझ्या हॅटकडे बराच वेळ बघत राहिला. त्याच्या डोळ्यांतले कौतुक मला सुखावत होते, हे कबूल करते. मग त्याने बोट दाखवून विचारले, ‘हें चाक कितें घुंवडायता?’ हे चाक काय फिरवते? मी आयुष्यभर मुलांना दातेरी चाकांचे गुणोत्तर शिकवले, आणि त्या मुलासमोर माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण ते चाक काहीच फिरवत नव्हते. शेजारच्या चाकाला त्याचा दात लागतही नव्हता. घरी जाऊन मी चौदाही चाके काढली. आता मनगटावरच्या पट्टीत तीनच आहेत. ती एकमेकांत बसतात आणि बाजूची किल्ली पिळली की तिन्ही फिरतात. पहिल्या रांगेतल्या मुलांनी व्याख्यानानंतर फिरवून पाहावीत, आत्ता नको.

माझी आवडती गोष्ट मात्र रायबंदर-चोडण फेरीबोटीवरची आहे, मोठ्या नव्या बोटी त्या मार्गावर येण्यापूर्वीची. चोडणला माझी एक जुनी सहकारी राहते. तिच्या नातीचा वाढदिवस होता आणि ‘बाई टोपी घालून या’ असा त्या नातीचा हुकूम होता. बोटीवर मी कठड्याला टेकून उभी होते. बोट सुटल्यावर खालच्या इंजिनातला माणूस खांद्यावरच्या तेलकट फडक्याला हात पुसत वर आला. वय पन्नाशीचे असावे. त्याने माझ्या हॅटकडे पाहिले नाही, चष्म्याकडे पाहिले नाही. तो सरळ माझ्या पट्ट्यासमोर येऊन थोडा वाकला आणि गेजकडे बघत म्हणाला, ‘काटो शून्याचेर कित्याक?’

हे गेज मी भंगारातून आणले आहे, त्याला मागे नळी नाही, दाब नाही, म्हणून काटा शून्यावर आहे, असे मी शिक्षकी थाटात सांगितले. त्यावर त्याने मलाच प्रश्न केला की आतली नळी शाबूत आहे का. इथे मला क्षणभर थांबले पाहिजे, कारण असा प्रश्न ज्याला सुचतो तो माणूस गेज नुसते वाचत नाही, त्याला ते आतून ठाऊक असते. अशा गेजच्या पोटात इंग्रजी सी अक्षरासारखी वाकवलेली, चपट्या पोकळीची एक नळी असते. युजीन बूर्दों या फ्रेंच माणसाने १८४९ मध्ये तिचे पेटंट घेतले. नळीत दाब चढला की ती किंचित सरळ होऊ पाहते, तिचे बंद टोक एक बारीक दांडी ओढते, दांडी दातेरी पाकळी हलवते, पाकळी छोटे चाक फिरवते आणि चाकाच्या आसावर बसवलेला काटा सरकतो. हे सगळे मी दहावीच्या फळ्यावर शेकडो वेळा काढले आहे. तो माणूस हेच रोज उलट्या बाजूने जगत होता: इंजिनातल्या वंगणतेलाच्या दाबाचा काटा खाली आला की नदीच्या मध्यावर आपले काय होईल, एवढा एकच धडा, पण तो पक्का.

त्याने खिशातून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि ‘पळोवं?’ असे विचारून माझ्या होकाराची वाट पाहिली. मी पट्टा सोडून त्याच्या हातात दिला. त्याने पितळी कडे फिरवून काच काढली, ती फडक्यात गुंडाळून माझ्या हातात ठेवली, काटा अलगद उपसला आणि विचारले, ‘कितल्यार दवरूं?’ मी म्हटले, हे खोटे वाचन होईल. माझ्यातला शिक्षक दुखावला होता. तो हसला आणि म्हणाला, ‘बाई, तुमच्या आंगांत खंयचें उदक उकळटा? पूण मनीस पळयता तेन्ना काट्यान कितें तरी सांगूंक जाय.’ अंगात पाणी उकळत नसले तरी बघणाऱ्याला काट्याने काहीतरी सांगायला हवे, हे म्हणणे मला पटले. तेव्हा मी साठ वर्षांची होते. मी म्हटले, साठावर ठेवा. त्याने काटा साठ पौंडांवर दाबून बसवला, काच लावली, कडे आवळले आणि पट्टा परत देताना अंगठ्याने काचेवरचा स्वतःचाच डाग पुसला. एव्हाना आमच्याभोवती मासळीची पाटी घेतलेली एक बाई, दोन कॉलेजची मुले आणि एक स्कूटरवाले गृहस्थ जमले होते, आणि साठ हे वय म्हणून योग्य असले तरी जुन्या बॉयलरला झेपेल का, यावर त्यांची चर्चा चोडणचा धक्का येईपर्यंत चालली. मी त्यानंतर तीन वर्षांनी मोठी झाले. काटा झालेला नाही.

तेव्हापासून मी लोकांच्या बोलण्याकडे नीट कान देऊ लागले. कुळे स्थानकावर एक वृद्ध गृहस्थ भेटले. ते तरुणपणी वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकीत असत. त्यांनी माझा चष्मा हातात घेऊन पाहिला आणि सांगितले की असला चष्मा आमच्यापैकी कोणी लावीत नसे, ठिणगी आणि राख चुकवायला कपाळावर फडके बांधलेले असे. चष्मा परत देताना म्हणाले, ‘पण असू द्या, शोभतो.’ काजूच्या हंगामात एका भट्टीवर गेले होते, तिथे फेणी गाळणाऱ्याने माझ्या पट्ट्यावरची तांब्याची नळी पाहून तिचे वळण चुकीचे असल्याचे सांगितले, कारण अशा वळणात वाफ अडकते, आणि मग मला त्याचे भाण, म्हणजे रस उकळण्याचे भांडे, दाखवत भट्टीभोवती अर्धा तास फिरवले. एका शेटांनी, म्हणजे दागिने घडवणाऱ्या सोनारांनी, माझ्या हॅटवरचे भिंग पाहून आपल्या डोळ्याचे भिंग काढले आणि दोन्ही शेजारी ठेवून तुलना केली. त्यांचे अर्थातच चांगले होते.

मला चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे राहिली, असे तीत लिहिले आहे, आणि अध्यक्षांच्या चेहऱ्यावरून ती पाचच असावीत. म्हणून ज्या मुद्द्यासाठी मला बोलावले तो आता धावत मांडते.

आपल्या गोव्यात वेष घेऊन रस्त्यावर येणे नवीन नाही. शिगम्याच्या मिरवणुका आहेत, दशावतार आहे, कार्निव्हलात मोमो राजा येऊन खाण्यापिण्याचा हुकूम सोडतो. त्या वेळी लोक हसतात, टाळ्या वाजवतात, आणि वेष पुढे सरकला की पुढच्या चित्ररथाकडे पाहतात. ते कौतुक खरे असते, पण ते ठरलेल्या दिवसाचे असते आणि बघणारा दोरीच्या पलीकडे उभा असतो. सण नसताना, मंगळवारी दुपारी, मासळीबाजाराच्या रांगेत हाच वेष दिसला की लोक आधी विचारतात, ‘खंयचें नाटक?’ नाटक नाही असे कळल्यावर त्यांना पुढचा प्रश्न विचारण्याची मोकळीक मिळते.

तो प्रश्न भरजरी शालूला विचारता येत नाही. शालूला ‘सुंदर’ म्हणून थांबावे लागते, कारण त्याचे कसब पाहणाऱ्याच्या हाताबाहेरचे असते. रिव्हेट, कडी, नळी आणि गेज यांचे तसे नाही. ती प्रत्येकाच्या घरात, कामात, वडिलांच्या पेटीत कुठेतरी असतात, आणि त्यांचे जोड उघडे असतात. म्हणून इथले कौतुक दुरुस्तीच्या रूपात येते. मला भेटलेल्या माणसांनी माझी स्तुती केली असे मी म्हणते तेव्हा त्यांनी माझा काटा वर केला, कडी सरळ केली, नळीचे वळण सुधारायला सांगितले, असा त्याचा अर्थ असतो. लुगड्याच्या गाठीचा उल्लेख मी त्यासाठीच केला होता.

यात एक गोष्ट मी लपवू इच्छित नाही. माझी भाची बावीस वर्षांची आहे. तिने असाच पट्टा आणि तंग जाकीट घालून पणजीच्या बसमधून प्रवास केला, तेव्हा तिच्या गेजविषयी कोणी विचारले नाही. लोक पाहत होते, पण गेजकडे नव्हे. पांढऱ्या केसांना आणि ‘बाई’ या हाकेला जी सूट मिळते, ती माझ्या कौतुकात मिसळलेली आहे, आणि ती वजा केली तर किती उरते, हे मला मोजता आलेले नाही. भाची आता माझ्यासोबत असेल तेव्हाच पट्टा घालते. दोघी असलो की लोक तिलाही नळीविषयी विचारतात.

घंटा झाली. पट्टा काढून या टेबलावर ठेवते. ज्यांना गेज उघडून पाहायचे असेल त्यांच्यासाठी स्क्रू ड्रायव्हर माझ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. काच मात्र सांभाळा, तिला आधीच एक बारीक तडा गेला आहे आणि त्या मापाची दुसरी मला फोंड्यात मिळालेली नाही.