कल्ले न दिसणारा कल्लेदार

मंडळी, जानेवारीत मालवणकडच्या एका वायंगणी, म्हणजे उन्हाळी भाताच्या, शेताच्या बांधावर उभा होतो. चिखलणी चालू होती. पॉवर टिलरच्या मागे बगळे, आणि वर पाच-सहा पांढरे-राखाडी पक्षी घिरट्या घालत होते. एका आजोबांनी विचारलं, ‘‘ह्यो समुद्रावरचो पक्षी वाट चुकान हय इलो काय?’’

वाट चुकलेला नव्हता. तो कल्लेदार सुरय. सुरय म्हटलं की आपल्याला समुद्र आठवतो, कारण वेंगुर्ल्याच्या खडकांवर घरटी करणारे सुरय खरोखरच दर्यावर्दी असतात. हा मात्र गोड्या पाण्याचा, दलदलीचा. काश्मीर, गंगेचं खोरं, आसाम इथल्या पाणथळीत तरंगत्या पाणवनस्पतींवर तो घरटं करतो आणि थंडीत आपल्याकडे उतरतो. आपली तळी, खाजणं, पाण्याने भरलेली भातशेतं त्याला पुरतात.

आता ओळखायचा कसा? पुस्तकात चित्र असतं ते विणीच्या पोशाखातलं: काळी टोपी, गडद राखाडी पोट, लालभडक चोच आणि या दोन काळोखांमध्ये गालावर पांढरा पट्टा. तेच त्याचे कल्ले. पण थंडीत पोट पांढरं, चोच काळपट, कपाळ पांढरं, आणि डोळ्यामागून मानेपर्यंत काळी पट्टी एवढंच उरतं. पोट पांढरं झालं की गालाचा पट्टा दिसणार कशावर? नाव ठेवणाऱ्याने आपला विचारच केलेला नाही!

म्हणून मी सांगतो, रंग नंतर बघा, आधी त्याचं जेवण बघा. नदी सुरय हवेत थबकतो आणि दगडासारखा पाण्यात पडतो. हा क्वचितच बुडी मारतो. संथ उडत येतो, खाली झुकतो, पाण्यावरचा किडा किंवा बेडकाचं पिल्लू चोचीने अलगद उचलतो आणि पुढे जातो. अंग बहुधा कोरडंच. शिवाय नदी सुरयाची चोच पिवळी, शेपटी खोल दुभंगलेली. याची शेपटी जेमतेम खाचेची, आणि अंगलट २५ सेंटिमीटरच्या आसपास.

खरी फसगत पंखपांढऱ्या सुरयाशी होते. थंडीत दोघे भाऊभाऊच. त्याच्या कानावरचा काळा ठिपका डोळ्याच्या खाली उतरतो, कानावर हेडफोन घातल्यासारखा, आणि कंबर पाठीपेक्षा पांढरी दिसते. याची कंबर पाठीसारखीच राखाडी. लांबून कळलं नाही तर वहीत नुसतं ‘सुरय’ लिहावं, त्यात कमीपणा नाही. पालास या निसर्गशास्त्रज्ञाने १८११ मध्ये कल्लेदार सुरयाचं वर्णन केलं तेव्हा त्यालाही हा दोन सुरयांचा संकर वाटावा असाच दिसला, म्हणून शास्त्रीय नाव पडलं ‘हायब्रिडा’.

कल्ले बघायचेच असतील तर मार्चअखेर, एप्रिलमध्ये जा. वायंगण पिकत आलेलं असतं, शेतातलं पाणी आटलेलं असतं, तेव्हा तळ्याकडे वळा. पांढऱ्या पोटावर राखाडी डाग पडू लागलेला एखादा सापडेल. घाई करा, कारण पोशाख पुरा होईतो बरेचसे उत्तरेला निघालेले असतात.