क जीवनसत्त्व कुणाच्या बाजूचं?

नमस्कार, श्रोतेहो.

जिवाणूंवर औषध तपासायला आमच्या प्रयोगशाळेत प्लास्टिकची एक ताटली असते. साधारण पोस्टकार्डाएवढी. तिच्यात ९६ खळगे, आणि एकेका खळग्यात चार-पाच थेंब मावतील एवढीच जागा. पहिल्या खळग्यात औषध कडक, दुसऱ्यात त्याच्या निम्मं, तिसऱ्यात त्याच्याही निम्मं, असं करत जायचं. जिवाणू मात्र सगळीकडे सारखेच घालायचे. रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं आणि सकाळी रेझाझुरिन नावाचा निळा रंग टाकायचा. जिवाणू जिवंत असतील तर निळ्याचं गुलाबी होतं, मेले असतील तर निळं ते निळंच राहतं.

गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी अशी ताटली घेऊन आली. तिनं क जीवनसत्त्व तपासलं होतं. चेहरा पडलेला. "मॅडम, सगळं गुलाबी झालंय. एकही जिवाणू मेलेला नाही." मी ताटली खिडकीशी धरली. सगळ्यात खालच्या रांगेत नुसतं क जीवनसत्त्व होतं, तिथं जिवाणू घातलेच नव्हते. ती रांगही गुलाबी! म्हणजे रंग जिवाणूंनी बदललाच नव्हता, क जीवनसत्त्वानं बदलला होता. समोर येईल त्याला इलेक्ट्रॉन देऊन टाकायचा हा त्याचा स्वभाव. अँटिऑक्सिडंट म्हणतात ते याच गुणामुळे.

आज अशाच अँटिऑक्सिडंट पदार्थांबद्दल बोलायचंय. अँटिबायोटिकं निकामी होत चालली आहेत. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यामुळे संशोधक कुठं कुठं शोधतायत, तर अँटिऑक्सिडंटमध्येसुद्धा. पण शरीराला चांगलं ते जंतूला वाईटच असणार, ही आपली समजूत मात्र तपासून घ्यायला हवी.

न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात विल्यम जेकब्स आणि कॅथरीन व्हिलशेझ क्षयाच्या जंतूवर काम करत होते. आयसोनियाझिड हे क्षयाचं नेहमीचं औषध. जंतू त्याला दाद का देत नाही, हे त्यांना शोधायचं होतं. म्हणून त्यांनी औषधाबरोबर सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल घातलं. अपेक्षा अशी की सिस्टीनमुळे जंतू तगेल. झालं उलटंच, सगळी वाढ मरून गेली. सिस्टीन हे इलेक्ट्रॉन देणारं, मग तशाच स्वभावाचं क जीवनसत्त्व घालून पाहूया म्हणून पाहिलं, तर ते एकटंच जंतूला मारत होतं. औषधांना न जुमानणारे क्षयाचे जंतूसुद्धा त्यापुढे टिकले नाहीत. हे काम २०१३ साली प्रसिद्ध झालं.

कारण मोठं विलक्षण आहे. क जीवनसत्त्व लोहाला इलेक्ट्रॉन देतं, ते लोह पुढे ऑक्सिजनपासून अतिशय जहाल रेणू तयार करतं, आणि ते रेणू जंतूचा डीएनए, त्याची चरबी, सगळंच खिळखिळं करून टाकतात. ज्या पदार्थाची ख्याती गंज थांबवणारा म्हणून, तोच इथं लोहाला हाताशी धरून जंतूला आतून गंजवतो.

आता आपल्या मुंबईतलं पाहा. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या संशोधकांनी २००६ साली ई. कोलाय या जिवाणूवर सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक वापरलं आणि जोडीला ग्लुटाथायोन, म्हणजे पेशींत असतंच असं एक अँटिऑक्सिडंट, किंवा क जीवनसत्त्व दिलं. इथं जिवाणू वाचले! औषधाच्या माऱ्यातून तयार होणारे जहाल रेणू या पदार्थांनी विझवून टाकले होते. पदार्थ तोच, पण एका ठिकाणी मारेकरी आणि दुसऱ्या ठिकाणी ढाल. म्हणून कुणी "अँटिऑक्सिडंट आहे, अपाय काय होणार?" असं म्हटलं की मला स्वस्थ बसवत नाही.

सेलेनियम असलेलं एब्सेलेन नावाचं औषध मला जास्त आशादायक वाटतं. आपल्या पेशीत ते अँटिऑक्सिडंटसारखं वागतं. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत आर्ने होल्मग्रेन यांच्या गटानं दाखवलं की तेच औषध जिवाणूतलं थायोरेडॉक्सिन रिडक्टेज हे बचावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, बंद पाडतं. आपल्याकडे बचावाची दुसरी व्यवस्था आहे, ग्लुटाथायोनची. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू आणि क्षयाचा जंतू यांच्याकडे ती नाही. एकच दरवाजा, आणि तोच बंद! ई. कोलायकडे दोन्ही व्यवस्था असल्यानं त्याच्यासाठी एब्सेलेनला चांदीची जोड द्यावी लागली. उंदरांमध्ये त्या जोडीचा गुण आला.

हळदीबद्दल मला हमखास विचारतात. तिच्यातलं कर्क्युमिन ताटलीत जिवाणूंना रोखतं हे खरं, पण ते पाण्यात विरघळत नाही, रक्तात जेमतेम पोचतं, आणि त्याच्या पिवळ्या रंगामुळे मोजणी करणारं यंत्रही चकतं.

रक्तात पोचण्याचा हा प्रश्न क जीवनसत्त्वालाही चुकलेला नाही. क्षयाचा जंतू मारायला ताटलीत लिटरला सुमारे ७०० मिलिग्रॅम लागलं. गोळ्या कितीही गिळल्या तरी रक्तात लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आसपासच पातळी जाते. तेव्हा घरात कुणी क्षयाचे उपचार घेत असेल, तर लिंबू-आवळा खुशाल द्या, पण डॉक्टरांनी दिलेली एकही गोळी चुकवू नका. पुढे उंदरांमध्ये आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन या क्षयाच्या औषधांच्या जोडीला क जीवनसत्त्व दिलं, तेव्हा फुप्फुसांतले जंतू लवकर घटले. ते जोडीला दिलं होतं, औषधांऐवजी नाही.

आमच्या विद्यार्थिनीनं प्रयोग पुन्हा केला. क जीवनसत्त्वाचा आंबटपणा आधी काढून टाकला, नाहीतर जिवाणू आम्लानं मेले की आणखी कशानं, हे कळलं नसतं. रंगावर विसंबायचं नाही म्हणून तिनं प्रत्येक खळग्यातला थेंब अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, पसरला आणि दुसऱ्या दिवशी वसाहती मोजल्या. ई. कोलायच्या वसाहती जवळजवळ जशाच्या तशा उगवल्या होत्या. क्षयाचे जंतू आमच्यासारख्या महाविद्यालयात हाताळत नाहीत, ते योग्यच आहे. पण आता तिला याच खळग्यांत थोडं लोह घालून बघायचंय. सोमवारी ताटली लावतोय.

नमस्कार.