ह्या तिघी एकच कशावरून?

(दृश्य : पितळी ताटात पसरलेले तांदूळ, त्यावर फिरणारी अंगठी)

आमच्या आईच्या लग्नात ताटात तांदूळ पसरले, बाबांनी अंगठीने त्यात नाव लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं, पेढे वाटले, झालं. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही एका दमात गेली. सही नाही, शिक्का नाही. आणि खरं सांगायचं तर पुढची तीसेक वर्षं काही अडलंही नाही.

अडलं ते बँकेत, केवायसीला. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, आधारवर पण सासरचंच फक्त इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ई जास्त. काउंटरवरचा मुलगा तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून म्हणतो, "काकू, ह्या तिघी एकच कशावरून?"

(दृश्य : तहसील कचेरीबाहेरची झाडाखालची टेबलं, टायपिंग चालू)

आता लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे असं कुठलाही कायदा सांगत नाही, माहेरचं नाव आयुष्यभर चालतं. पण बदलायचंच असेल, म्हणजे लग्न, घटस्फोट, ज्योतिषाने सांगितलं, आडनाव आवडत नाही, काहीही कारण असो, तर आधी लागतं प्रतिज्ञापत्र. माझं जुनं नाव हे, नवीन नाव हे, दोन्ही नावांची व्यक्ती एकच. ह्यातलं स्पेलिंग दहा वेळा वाचा, टायपिस्ट घाईत असतो, आणि इथली चूक पुढे प्रत्येक कागदावर तुमच्यासोबत फिरते.

मग राजपत्र, म्हणजे सरकारच्या अधिकृत सूचना छापणारं सरकारी प्रकाशन. सगळे गॅझेटच म्हणतात. महाराष्ट्रात हे काम शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे आहे, मुंबईत चर्नी रोडला ऑफिस आहे पण जायची गरज नाही, अर्ज ऑनलाइन होतो. फोटो, ओळखपत्र, प्रतिज्ञापत्र, फी. लहान मुलाचं नाव असेल तर अर्ज आईवडिलांनी करायचा. मग साप्ताहिक अंकाच्या भाग दोनमध्ये तुमची एक ओळ येते, आधी जुनं नाव मग नवीन नाव, आणि तुमच्या वर-खाली अशीच अनोळखी माणसांची रांग. गंमत म्हणजे तिथेच एक टीप पण छापतात, की मजकूर अर्जदाराने दिलाय, त्याच्या खरेखोटेपणाची जबाबदारी शासनाची नाही. म्हणजे तुम्ही कोण आहात हे सरकार ठरवत नाही, तुम्ही जे म्हणालात ते फक्त छापून देतं!

आणि लोक इथेच फसतात. गॅझेट आलं म्हणजे नाव बदललं असं वाटतं, पण त्याने दुसरीकडे कुठेच आपोआप काही बदलत नाही, ती पीडीएफ घेऊन तुम्हीच दारोदार फिरायचं. आधार आधी करा, मग पॅन, मग बँक, कारण पुढचा प्रत्येक जण आधारच मागतो. आधारवर नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे 'बघू, नंतर परत करू' चालत नाही. दहावीचं सर्टिफिकेट बहुतेकांचं जुन्याच नावाचं राहतं, त्याला गॅझेटची प्रत कायमची जोडून ठेवायची.

(दृश्य : साताऱ्याकडचा रस्ता, शाळेत निघालेल्या मुली)

आता जरा साताऱ्याला जाऊ. इथे बऱ्याच घरांत 'नकुसा' नावाच्या मुली होत्या. नकुसा म्हणजे नकोशी. दोन-तीन मुलींवर अजून एक झाली की हे नाव ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होईल. ही पोर शाळेत हजेरीला रोज उभी राहून काय ऐकत असेल? 2011 च्या ऑक्टोबरमध्ये जिल्ह्यात नामकरणाचा कार्यक्रम झाला, 285 मुलींनी नवीन नावं घेतली, केसात रिबिनी लावून रांगेत उभं राहून नव्या नावाचं प्रमाणपत्र घेतलं, सोबत छोटासा फुलांचा गुच्छ. ज्योतिषाच्या सल्ल्याने एक अक्षर वाढवणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, पण नाव बदलायची सोय कशासाठी हवी विचाराल तर मी ह्या रांगेकडे बोट दाखवीन.

हो, आणि 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम केलाय. आमच्या आईला हे कळलं तेव्हा म्हणाली, "पण आईचं कुठलं नाव, माहेरचं की सासरचं?"

(दृश्य : मोबाईलची स्क्रीन, दोन बोटांनी झूम होणारं पान)

तिचं गॅझेट आलं त्या दिवशी मी फोनवर उघडून दिलं. चष्मा लावून तिने आपली ओळ शोधली, मोठी केली आणि बराच वेळ पहिल्याच नावावर थांबली, जुन्या नावावर, जे लग्नानंतर कुणी कुठे छापलंच नव्हतं.

"एवढ्या पानाची प्रिंट काढून दे मला," म्हणाली. "बँकेला एक. आणि एक मला."