तेलात अडकलेली वीज

मंडळी, पौषातल्या थंडीत खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. आपण ती उन्हात नेऊन ठेवतो. वंगणतेलाचं दुखणंही असंच आहे. खनिज तेलापासून केलेल्या वंगणात पॅराफिनचे, म्हणजे मेणाचे, लांब, सरळ साखळीचे रेणू असतात. गारठा वाढला की ते एकमेकांना बिलगतात, त्यांचे स्फटिक होतात, स्फटिकांचं जाळं होतं आणि उरलेलं तेल त्यातच अडकतं. द्रासला सकाळी ट्रक सुरू करणाऱ्या ड्रायव्हरला हे परवडणारं नाही. म्हणून मेण आधीच काढून टाकायचं.

रिफायनरीतली रुळलेली रीत अशी: तेलात मिथाइल इथाइल कीटोन आणि टोल्युइन यांचा द्रावक मिसळायचा, ते उणे 20 अंशांच्या आसपास थंड करायचं आणि फिरत्या पिंपावर ताणलेल्या कापडातून निर्वातानं ओढायचं. कापडावर बसलेलं मेण खरवडून काढतात. मग द्रावक परत मिळवण्यासाठी सगळं तापवायचं. आधी गारठवा, मग उकळा! इंधनाचा खर्च तिथेच होतो. आणि स्फटिक बारीक पडले की कापड तुंबतं.

आता विजेकडे येऊ. 1980च्या दशकात एक्सॉन या अमेरिकी तेल कंपनीच्या संशोधकांनी मेण वेगळं करण्यासाठी तेलातच प्रभार सोडून पाहिला. यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: तेल तर विजेला अडवतं, ट्रान्सफॉर्मरमध्ये आपण ते त्यासाठीच ओततो. मला या विषयाची ओढ लागली ती नेमकी इथे, कारण हा अडसरच इथे कामाला येतो. नळाच्या पाण्यात सोडलेला प्रभार मायक्रोसेकंदाच्याही अंशात निघून जातो. तेलाची वाहकता मीटरला एक पिकोसीमेन्स, म्हणजे जवळजवळ नाहीच, धरली, तर तोच प्रभार 20 सेकंदांच्या आसपास रेंगाळतो. म्हणजे कामाला वेळ मिळतो.

प्रभार आत शिरतो तो अणकुचीदार इलेक्ट्रोडवाटे. टोकापाशी विद्युतक्षेत्र प्रचंड असतं, तिथून इलेक्ट्रॉन तेलात सुटतात. समोरच्या इलेक्ट्रोडवर पोचण्याआधीच वेगानं वाहणारं तेल त्यांना पुढे ओढून नेतं. तो प्रभार मेणाच्या कणांवर बसतो. सारखे प्रभार एकमेकांना लोटतात, कण बाहेरच्या बाजूला सरकतात आणि वाटेत ठेवलेल्या काचेच्या मण्यांवर जाऊन बसतात. कापडाची गरजच नाही. कोराडीच्या वीज केंद्रात धुरातली राख अशीच प्रभार देऊन पकडतात. ते तंत्र अमेरिकेत फ्रेडरिक कॉट्रेल यांनी 1900च्या दशकात कारखान्यांच्या धुरासाठी उभं केलं, आणि कच्च्या तेलातलं पाणी विजेनं वेगळं करण्याची पेटंटंही त्यांच्या नावावर आहेत.

धूर मात्र पातळ असतो. थंड वंगण घट्ट असतं, आणि कणाचा वेग घट्टपणाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. तेल पातळ ठेवायला थोडा द्रावक लागतोच, त्यामुळे वीज आली म्हणून द्रावकाचा प्रश्न सुटत नाही. एवढ्यात दुसरी वाट पुढे आली. शेव्हरॉन या दुसऱ्या तेल कंपनीनं 1993मध्ये कॅलिफोर्नियात रिचमंडच्या रिफायनरीत उत्प्रेरक वापरून मेणाच्या सरळ साखळ्यांना फांद्या फोडायला सुरुवात केली. मेण काढण्याऐवजी त्याचंच तेल होतं. फार सुंदर रसायनशास्त्र आहे हे. पण मेणबत्तीला आणि कागदावर चढवायला मेण अख्खंच हवं असतं. ते विकायचं असेल तिथे ते वेगळंच करावं लागतं, आणि त्यासाठी पिंपावरचं कापड अजून फिरतं आहे.