म्हातारा पाऊस आणि दुपारची भाकरी

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापुरात पावसाळ्यात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न जेवणाचा असतो आणि दुसरा पाण्याचा. "जेवलासा काय?" आणि लगेच, "किती फुटावर गेलं?" काय गेलं, कुठं गेलं, हे विचारायचं नसतं. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा किती चढली, एवढाच त्याचा अर्थ. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. ज्या पोराला सतराचा पाढा येत नाही, त्यालाही हे दोन आकडे पाठ असतात.

या बोलण्याला आपण वेळ घालवणं म्हणतो. पण जुलैअखेर एखाद्या चाळीच्या गॅलरीत दुपारी कान देऊन बघा.

"वहिनी, काय केलाय आज?"

"काय करणार, हुलग्याचं माडगं आणि भाकरी. मंडईला जायला सवड कुठली? सकाळपासनं धुणंच आत-बाहेर करतोय मी."

"म्हातारा लागलाय न्हवं. आता पंधरा दिवस सोडत न्हाई त्यो."

हा म्हातारा म्हणजे पुष्य नक्षत्राचा पाऊस. त्याच्या आधी पुनर्वसूचा तरणा पाऊस असतो. काही गावांत तर सासूचा पाऊस आणि सुनेचा पाऊसही असतो, त्यात मी पडत नाही. सूर्य एका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस राहतो. म्हणून गॅलरीतला तो 'पंधरा दिवस' हा हिशेब अगदीच ऐकीव नाही. मृग ७-८ जूनला निघतो, तरणा ५-६ जुलैला, म्हातारा १९-२० जुलैला. या तारखा इंग्रजी कॅलेंडरला इतक्या घट्ट धरून असतात की एक दिवस पुढं सरकायला सत्तर-बहात्तर वर्षं लागतात. आजोबांचा मृग आणि नातवाचा मृग यांत फार तर दिवसाचा फरक.

नावावर जाऊन या म्हाताऱ्याला मात्र कमी लेखू नका. २००५ चा महापूर जुलैच्या शेवटच्या आठवड्यातला, २०२१ चा २२ जुलैनंतरचा. दोन्ही म्हाताऱ्याच्या खाती. २०१९ चा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातला, म्हणजे आश्लेषाचा. तोवर राधानगरीचं धरण भरत आलेलं असतं, जमीन पिऊन तृप्त झालेली असते, आणि वरून पडेल तो थेंब सरळ नदीला जातो. मग चौकाचौकांत तिसरा प्रश्न सुरू होतो, "राधानगरीची किती दारं उघडली?" सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला गेलं की आपोआप उघडतात, कुणाच्या हुकमाची वाट बघत नाहीत.

आता म्हणी. मघेची म्हण तुम्हाला माहीत आहेच. तिचा पूर्वार्ध आकाशवाणीवरून म्हणता येणार नाही. ज्यांना ठाऊक आहे ते आत्ता गालात हसत असतील. उत्तरार्ध सांगतो, "न पडल्या मघा, तर ढगाकडं बघा." उत्तराची म्हण सभ्य आहे, "पडतील उत्तरा, तर भात खाईना कुत्रा." भात इतका पिकेल की कुत्रंसुद्धा तोंड फिरवेल. आणि यात शेतकी आहे. उत्तरा सप्टेंबरच्या मध्यावर. आपल्या पश्चिमेकडचं भात तेव्हा पोटरीला आलेलं, निसवायला लागलेलं असतं. दाण्यात दूध भरायच्या त्या दिवसांत खाचरात ओल नसेल तर लोंबी पळींज, म्हणजे पोकळ राहते. रोहिणीत धूळवाफेवर, म्हणजे कोरड्या मातीत पेरलेलं असो की तरवा टाकून, म्हणजे आधी रोपं करून लावण केलेली असो, उत्तराच्या सरीसाठी दोघंही वर बघतात.

पण स्वातीची म्हण घ्या. "पडतील स्वाती, तर पिकतील माणिक-मोती." स्वाती २४ ऑक्टोबरच्या आसपास लागते. ही म्हण मला तरी कोल्हापूरची वाटत नाही. ती शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी पेरणाऱ्या काळ्या रानातल्या माणसाची आहे. त्याच्या पेऱ्याला त्या वेळी ओल हवी असते. राधानगरी-भुदरगडात त्याच दिवसांत भात कापून पडलेलं असतं, खळ्यावर मळणी चाललेली असते. तिथं स्वाती बरसली तर माणिक-मोती राहिले बाजूला, कापलेल्या भाताला कोंब फुटतात आणि पिंजर कुजतं. म्हण खरी की खोटी, यावर आपण तावातावानं भांडतो. ती कुणाच्या रानात उभं राहून म्हटलेली आहे, हे आधी विचारावं.

आपल्या जिल्ह्यात तर हे फारच विचारावं लागतं. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि शिरोळात पाचशे-सहाशेच्या घरात. एकाच जिल्ह्यात! गगनबावड्याच्या बाईला चार महिने धुणं चुलीवरच्या दांडीला वाळवायचं, आणि शिरोळची बाई जुलैतही दुपारी अंगणात वाळत घालते. तिकडं नाचण्याची भाकरी, इकडं जोंधळ्याची.

आणि तरीही शिरोळकरालाच दुसऱ्याच्या पावसाची जास्त चौकशी. त्याच्या डोक्यावर ढग नसतो, पण गगनबावड्याचं पाणी फिरून त्याच्याच दारात येतं. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणदारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळ्याला स्नान करायला गर्दी लोटते. त्याच वेळी शेजारच्या गल्लीत कुणीतरी फळीवरचं धान्य माळ्यावर चढवत असतं. तिथल्या एखाद्या पाहुण्याला फोन करून विचारा, "पाऊस काय म्हणतोय?" तो सांगेल, "हितं लख्ख ऊन पडलंय. तुमच्याकडं बावड्याला किती झाला ते आधी सांगा, जनावरं आज हलवायची का उद्या, तेवढं ठरवायचंय."