पोटातल्या चौदा इंजेक्शनांतून निघालेलं प्रथिन

(गोदाघाटावर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेल्यांनी जरा हात वर करा. बघा, पुढच्या रांगांत केवढे हात! पंचवटीत आमच्या आळीत कुत्रं चावलं की पोराला रोज धरून दवाखान्यात न्यायचे. बेंबीभोवती टोचून टोचून गाठी यायच्या. ही रेबीजची लस डेव्हिड सेम्पल या ब्रिटिश डॉक्टरांनी १९११ साली कसौलीत तयार केली. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा, फिनॉलनं मारायचा आणि तो मेंदूचा लगदाच टोचायचा. तिनं असंख्य जीव वाचवले, हे आधी सांगतो. पण काही थोड्या लोकांचे पुढच्या आठवड्यांत पाय लुळे पडायचे, लघवी अडायची. आमच्या शेजारच्या काकूंचं तेच झालं. घरच्यांना उत्तर मिळालं, ‘मनानं घेतलंय त्यांनी.’ त्या वाक्याचा मला आजही संताप येतो. कारण १९३३ सालीच न्यूयॉर्कला टॉमस रिव्हर्स यांनी माकडांना सशाच्या निरोगी मेंदूचा अर्क पुन्हापुन्हा टोचून हे दाखवून दिलं होतं. विषाणू नव्हताच, टोचलेल्या मेंदूमुळे शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या मेंदूवर उलटली होती.

(हल्ली दंडात देतात त्या लशीत मेंदू नसतो. कुत्रं चावलं तर जखम साबणानं धुवा आणि ती लस घ्याच.)

मग मेंदूतलं नेमकं काय? मज्जातंतूभोवती मायलिन नावाचं वेष्टण असतं, त्याच्या वेटोळ्यांत एक प्रथिन असतं, मायलिन बेसिक प्रोटीन. ते धनभारित, वेष्टणाच्या पातळ पडद्याची आतली बाजू ऋणभारित, म्हणून येवल्याच्या पतंगाला खळ लावावी तसं ते थराला थर चिकटवतं. ज्या उंदरात त्याच्या जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला असतो, तो चालायला लागला की थरथरतो. मेंदूतलं मायलिन सैल आणि विरळ, काही महिन्यांत मरतो. १९८७ साली त्याला ते जनुक परत दिलं आणि थरथर थांबली! त्याच वर्षी थायलंडमध्ये, सेम्पल लशीनंतर आजारी पडलेल्यांच्या रक्तात याच प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) सापडल्याचं प्रसिद्ध झालं. काकूंचा आजार मनाचा नव्हता हो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मल्टिपल स्क्लेरोसिसबद्दल बोलायला बोलावलंत आणि ते राहिलंच, आता भराभर सांगतो. मेंदू आणि मज्जारज्जूच्या या आजारातही प्रतिकारशक्ती मायलिनवर उलटते. मात्र गुन्हेगार हे एकच प्रथिन असं म्हणता येत नाही. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत या प्रथिनाची नक्कल म्हणून चार प्रकारच्या अमिनो आम्लांच्या लांब साखळ्या बनवल्या. प्राण्यांत तसाच आजार उत्पन्न करायचा होता. झालं उलटंच, त्यांनी आजार रोखला! तेच ग्लॅटिरामर, अमेरिकेत १९९६ साली मान्य झालेलं औषध. आजार मुळातून जात नाही, पण तो पुन्हापुन्हा उसळणं कमी होतं.

आणि एक. ऐन विशी-तिशीतल्या मुलीला एका डोळ्यानं अचानक धूसर दिसू लागलं, डोळा फिरवताना दुखू लागलं, तर ती याच आजाराची सुरुवात असू शकते, ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी बसवू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा आणि न्यूरॉलॉजिस्टना कधी गाठायचं ते तिथंच विचारा.